शिलेदार, पुठ्ठ्याचा किल्ला आणि एक अडचण : मुलांबरोबर गोष्ट खेळायला बसणाऱ्यांसाठी

११५२ सालची गोष्ट. इंग्लंडचा राजा स्टीफन न्यूबरीच्या गढीला वेढा घालून बसला होता. गढीच्या धन्याने तहाची बोली म्हणून आपला पाच-सहा वर्षांचा मुलगा ओलीस दिला आणि नंतर खुशाल शब्द फिरवला. मुलाला फासावर चढवा, असं राजाच्या लोकांनी सुचवलं. बापाचा निरोप आला की ऐरण आणि हातोडा माझ्याकडे आहे, याहून चांगली मुलं घडवीन. राजाच्याने मात्र ते झालं नाही. पुढे केव्हातरी, वेढा चालू असतानाच, राजाच्या तंबूत या मुलाला जमिनीवर अंथरलेल्या पाल्यात काही लांब दांड्या सापडल्या. इसबगोलाच्या कुळातल्या एका रानरोपाच्या, टोकाला बोंड असलेल्या. त्याने राजाला विचारलं, शिलेदार-शिलेदार खेळू या का? एक दांडी राजाच्या हातात, एक मुलाच्या. मुलाने घाव घातला, राजाच्या शिलेदाराचं बोंड उडालं आणि पोरगं हरखून गेलं.

तो मुलगा म्हणजे विल्यम मार्शल. पुढे तो त्या काळातला सर्वांत नावाजलेला शिलेदार झाला आणि १२१९ मध्ये वारला त्याच्या थोडं आधीपर्यंत बालराजाच्या वतीने अख्ख्या इंग्लंडचा कारभार बघत होता. हा प्रसंग त्याच्या जुन्या फ्रेंच चरित्रकाव्यात आहे.

नव्या आईबाबांना, आत्यांना, मावश्यांना, काकांना मी हा प्रसंग आधी सांगते, कारण त्यात खेळाचं सगळं सामान आलं : दोन काड्या, जमिनीवर बसून हरायला तयार असलेला एक मोठा माणूस, आणि नियम ठरवणारं मूल. किल्ला, घोडे, तलवारी हे त्यानंतर. खोका मोठा आणला म्हणजे खेळ मोठा होतो, हा माझाही समज होता. तो कसा गेला ते ओघात येईलच.

पहिली पायरी : शब्द ठरवा

'नाइट', म्हणजे मध्ययुगीन युरोपातला चिलखत घातलेला घोडेस्वार लढवय्या, हा शब्द मुलांच्या कानाला अडतो. माझ्या भाचीने तो पहिल्यांदा ऐकला आणि विचारलं, "मावशी, हा फक्त रात्री बाहेर पडतो का?" 'सरदार' म्हटलं तर मागोमाग फौजफाटा येतो. मला 'शिलेदार' बरा वाटतो. स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार, आणि धन्याच्या घोड्यावर बसतो तो बारगीर. मध्ययुगीन युरोपातला नाइट यातल्या पहिल्याच्या जवळचा. त्याचं सगळं भांडवल घोड्यात आणि चिलखतात अडकलेलं असे. हे लक्षात ठेवा, लढाईच्या वेळी कामाला येणार आहे.

किल्ल्याच्या भागांनाही आपले भरभक्कम शब्द आहेत : तट, बुरूज, तटावरच्या दातेरी चर्या, बाण मारायच्या जंग्या, खंदक, मोठ्या दरवाजातली छोटी दिंडी, पहारेकऱ्यांची देवडी, सगळ्यात आतला बालेकिल्ला. मुलांना अवघड शब्दांचं भय नसतं. चार वर्षांचं मूल "जंगीतून बघ, कोण आलंय!" असं ओरडतं तेव्हा त्याला जंगी कशी असते हे बोटाने माहीत झालेलं असतं.

दुसरी पायरी : घसा आणि वय

हा भाग रुक्ष आहे, पण टाळू नका. तीन वर्षांखालचं मूल घरात असेल, मग खेळणं त्याचं नसून थोरल्या भावंडाचं असलं तरी, बारीक तुकडे हाच मुख्य धोका. खेळण्यांच्या सुरक्षाचाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं वापरतात. तुकडा न दाबता त्यात पूर्ण मावला तर तो तीन वर्षांखालच्या मुलासाठी बाद. घरी टॉयलेट रोलची पुठ्ठ्याची नळी घ्या. ती थोडी जास्त रुंद असते, म्हणजे चूक झालीच तर सावधपणाच्या बाजूने होते. शिलेदारांच्या संचातल्या तलवारी, ढाली, शिरस्त्राणं, तुरे, पेले, किल्ल्या यातलं जवळजवळ सगळं त्या नळीत जातं. अशा घरात लहान मुलासाठी मोठे लाकडी शिलेदार वेगळे ठेवा आणि बारीक सामान टेबलावर खेळा.

आणखी तीन गोष्टी. दिवा लागणाऱ्या किंवा आवाज करणाऱ्या किल्ल्यात बटनाएवढी बॅटरी असेल तर तिचं झाकण स्क्रूने बंद होतंय का ते बघा. गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर भाजणं होऊ शकतं. लोहचुंबकाने चिकटणारे घोडे-स्वार असतील तर चुंबक सुटा होत नाही ना ते ओढून पाहा, कारण दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या भिंतींमधून एकमेकांना धरतात. आणि कोणाच्या जुन्या पेटीतून वजनदार धातूचे शिलेदार निघाले तर ते शोभेच्या कपाटात ठेवा. ब्रिटनच्या ब्रिटन्स कंपनीने १८९३ मध्ये पोकळ ओतकामाचे शिसाचे सैनिक आणले आणि पुढची कित्येक दशकं असे सैनिक मुलांच्या हातात होते. शिसं तोंडात जाण्याची गोष्ट नव्हे.

तिसरी पायरी : काय घ्यायचं, आणि किती कमी

संचांची मोटामोटी तीन घराणी आहेत. प्रत्येकाचा खेळ वेगळा होतो.

पहिलं प्लेमोबिलचं. १९७४ मध्ये जर्मनीत ही माणसं आली तेव्हा पहिल्या तीन विषयांतच शिलेदार होते. उंची साडेसात सेंटीमीटर, म्हणजे मुलाच्या मुठीत मावेल एवढी. हान्स बेक या रचनाकाराने चेहऱ्याला डोळे आणि हसरं तोंड दिलं, नाक दिलंच नाही. लहान मुलं माणूस काढतात तेव्हा बहुधा नाक राहूनच जातं. कंपनी त्याआधी मोठमोठी प्लॅस्टिकची खेळणी करायची. १९७३ च्या तेलसंकटात प्लॅस्टिक महागलं आणि कमी मालात होणारी ही छोटी माणसं बाजारात आली. खेळाच्या दृष्टीने त्या चेहऱ्याची खुबी अशी की तो कशालाही नाही म्हणत नाही. रडणारा, घाबरलेला, कपटी, काहीही व्हायला तो तयार असतो. चेहऱ्यावर कायमचा राग कोरलेला शिलेदार मात्र आयुष्यभर रागावलेलाच राहतो.

दुसरं लेगोचं. १९७८ मध्ये ३७५ क्रमांकाचा किल्ला निघाला, तोही चक्क पिवळा. करड्या विटा दिल्या तर मुलं रणगाडे बांधत बसतील, असं तेव्हा कंपनीला वाटे, असं सांगतात. हात-पाय हलणारी, जेमतेम चार सेंटीमीटरची माणसंही त्याच वर्षीची. इथे बांधणं हाच अर्धा खेळ. पण एक धोका आहे. बांधून झालेला किल्ला मुलापेक्षा मोठ्यांनाच जास्त प्रिय होतो आणि "हात लावू नकोस, पडेल" सुरू होतं. २०२२ मध्ये निघालेला लेगोचा सिंहध्वजाचा मोठा किल्ला ४,५१४ तुकड्यांचा आहे. तो मोठ्यांनी मोठ्यांसाठी खुशाल बांधावा. मुलाला द्यायचा तर छोटा द्या, आणि तो मोडून त्याची होडी झाली तर कुरकुर करू नका.

तिसरं श्लाइश, पापो यांच्यासारख्या भरीव, रंगवलेल्या आकृत्यांचं. देखण्या, वजनदार, पण बहुतेकींचे सांधे हलत नाहीत. बसलेला बसलेलाच. प्राण्यांवर जीव असलेल्या मुलांना यातले घोडे फार आवडतात. तिन्ही घराणी एकमेकांत मिसळत नाहीत, कारण मापं जुळत नाहीत. लेगोचा शिलेदार श्लाइशच्या घोड्याशेजारी उंदरासारखा दिसतो. (एकदा आम्ही त्याला उंदीरच केलं. तो हेर झाला आणि पूर्ण सुट्टी गाजवली.)

आता संख्या. मी पहिल्यांदा आणलेल्या खोक्यात अठरा सैनिक होते, दोन तोफा आणि एक अजस्र ड्रॅगन. माझ्या भाचीने अठरा सैनिक ओळीने उभे केले, एका हाताने आडवे केले आणि "झालं" म्हणाली. पुन्हा उभे, पुन्हा आडवे. तीन दिवसांनी खोका पलंगाखाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात चालू-बोलू लागलेल्या मुलांना एकदा चार खेळणी दिली आणि एकदा सोळा. चार होती तेव्हा मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. मला हे अठरा सैनिकांकडून आधीच कळलं होतं, फक्त आकडेवारी नव्हती.

सुरुवातीला एवढं पुरे : दोन शिलेदार, वेगवेगळ्या रंगांचे. एक घोडा, दोन नकोत. एक घोडा आणि दोन स्वार यातच निम्मी गोष्ट आहे. एक मूल किंवा लहान आकृती. आणि दोन माणसं अशी, ज्यांच्या हातात हत्यार नाही : स्वयंपाकी, लोहार, धोबीण, घंटा वाजवणारा, कोणीही. खोक्यांत नेमकी हीच माणसं नसतात. खऱ्या किल्ल्यात मात्र लढणारे मूठभर आणि राबणारे ढीगभर असत. हत्यार नसलेल्या माणसाला प्रश्न पडतात, त्याला भूक लागते, तो घाबरतो, चुगली करतो. गोष्ट तोच पुढे नेतो.

ड्रॅगन विकत घेऊ नका, हे माझं ठाम मत. विकतचा ड्रॅगन कायम तेवढाच मोठा. पायमोज्याचा ड्रॅगन हातात घालून बोलतो, आणि पांघरुणाखाली काय आहे हे दिसतच नसेल तर तो खोलीएवढा होतो. लेव्ह व्हिगोट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३३ च्या व्याख्यानात म्हटलं होतं की मुलाला काठीचा घोडा करता येतो, पोस्टकार्डाचा करता येत नाही. काठीवर टांग टाकता येते. म्हणून घरातल्या वस्तू निवडताना दिसण्यापेक्षा तिच्याशी काय करता येतं ते बघा : उघडते का, कशाला अडकते का, आत काही लपतं का.

चौथी पायरी : पुठ्ठ्याचा किल्ला

पहिला किल्ला विकत घेण्याआधी एक बांधा. दुपारभराचं काम आहे. फ्रान्समधल्या बरगंडीत गेडेलोन नावाचा किल्ला १९९७ पासून तेराव्या शतकाच्या पद्धतीने, दगड फोडून, लाकडी चाकांच्या याऱ्यांनी बांधताहेत. तुम्हाला त्यामानाने घाई करायला हरकत नाही.

जाड पुठ्ठ्याचं एक मध्यम खोकं घ्या. वरचं झाकण कापा आणि मागची बाजू पूर्ण काढून टाका. हे सगळ्यात महत्त्वाचं. पाठ उघडी नसेल तर मुलाचा हात आत जात नाही, आणि हात जात नाही तिथे गोष्टही जात नाही. वरच्या कडेला एक खाच, एक दाता असं कापत चर्या करा. दाता शिलेदाराच्या छातीपर्यंत यावा, म्हणजे तो मागे लपू शकतो आणि खाचेतून डोकावू शकतो. जंगी म्हणजे बाहेरून बारीक चीर आणि आतून रुंद. पुठ्ठा पातळ असल्यामुळे आतून दोन पट्ट्या तिरप्या चिकटवल्या की तो आकार येतो.

दरवाजा कापण्याआधी शिलेदाराला घोड्यावर बसवा, हातात भाला द्या आणि मग उंची मोजा. हे मी विसरले होते. आमच्या पहिल्या किल्ल्यात स्वारांना पायउतार होऊन वाकून आत जावं लागे. नंतर ती चूकच किल्ल्याचा कायदा बनली : इथे मान झुकवल्याशिवाय प्रवेश नाही. दाराची खालची कड कापू नका, तिथे घडी घाला. वरच्या दोन कोपऱ्यांना भोकं पाडून सुतळी ओवा, भिंतीतल्या भोकांतून आत घ्या आणि पेन्सिलीला गुंडाळा. पेन्सिल फिरवली की पूल वर. चपट्या लाकडी काड्यांची जाळी चिकटवून दारामागे वरून खाली सरकणारी केली की दुसरा अडसर तयार. खंदकाला निळं फडकं. आत एक मजला, एक जिना आणि एक कुलूपबंद कोपरा, ज्यात काय आहे ते कोणी ठरवलेलं नाही.

कात्री आणि कटर मोठ्यांच्या हातात, रंग आणि निर्णय मुलाच्या. भिंत वाकडी झाली तर वाकडी राहू द्या.

पाचवी पायरी : ढाल आधी, नाव नंतर

लोखंडी टोपात चेहरा झाकला की आपला कोण, परका कोण हे कळायला ढालीवरचं चिन्ह लागे. बाराव्या शतकात युरोपात या चिन्हांची पद्धत रुजली आणि तिचा एक साधा नियम मुलांना फार आवडतो. सोनेरी (म्हणजे पिवळा) आणि रुपेरी (म्हणजे पांढरा) हे 'धातू'. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे 'रंग'. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. निळ्यावर पिवळा सिंह चालेल, निळ्यावर काळा नाही. कारण लांबून दिसला पाहिजे.

कागदाच्या ढाली कापा, प्रत्येकीवर मुलाला चिन्ह काढू द्या, मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला धरून 'दिसतंय का?' अशी परीक्षा घ्या. चिन्ह सिंहाचंच हवं असं काही नाही. आमच्याकडे गोगलगाय आहे, शिडी आहे आणि एक निव्वळ ठिपका आहे. चिन्ह काढून झालं की विचारा, "याने गोगलगाय का घेतली असेल?" उत्तरात त्या माणसाचा स्वभाव येतो आणि स्वभावातून नाव. नाव आधी विचारलं तर बहुधा कुठल्यातरी पडद्यावरच्या नायकाचं येतं, आणि मग त्याची ठरलेली गोष्टही मागून येते.

मुलाच्याच वयाचं एक पात्र नक्की ठेवा. सर्वसाधारण रीत अशी होती : सातव्या वर्षाच्या सुमारास मूल दुसऱ्याच्या घरी हुजऱ्या म्हणून जाई, चौदाच्या आसपास एखाद्या शिलेदाराच्या हाताखाली उमेदवारी सुरू होई, आणि एकविसाच्या आगेमागे तो स्वतः शिलेदार होई. सात वर्षांचा हुजऱ्या घोड्यापेक्षा बुटका असतो, त्याला कोणी विचारत नाही, आणि म्हणून त्याला सगळ्यांची गुपितं ऐकू येतात. नायक म्हणून याच्याइतका सोयीचा कोणी नाही.

सहावी पायरी : गोष्ट देऊ नका, अडचण द्या

इथे बहुतेक मोठी माणसं घसरतात. आपण बसतो आणि सुरू करतो, "एक होता राजा, त्याच्या राज्यात एक दुष्ट..." मूल ऐकत राहतं. छान ऐकतं, पण ती आपली गोष्ट झाली. हातातली माणसं तशीच उभी राहतात.

त्याऐवजी एकच वाक्य बोला आणि गप्प बसा. वाक्यात काहीतरी अडलेलं हवं :

पूल अर्ध्यावर अडकलाय, वरही जात नाही, खालीही येत नाही.

राजा तीन दिवस झोपलेलाच आहे.

शत्रूचा निरोप आलाय : आमचा स्वयंपाकी आजारी पडला, तुमचा उसना द्याल का?

चिलखत धुतलं, आणि ते आकसलं.

कुलूपबंद खोलीतून खोकल्याचा आवाज येतोय.

तीन-चार वर्षांच्या मुलाला डोळ्यांना दिसणारी अडचण द्या, अडकलेला पूल, हरवलेला घोडा. सहा-सात वर्षांच्या मुलाला माणसांमधली, म्हणजे कोणी खोटं बोललं, कोणाला वचन पाळता येईना. नऊ-दहाच्या पुढे मुलं स्वतःच अशी गुंतागुंत घालतात की आपणच विचारतो, "थांब, हा कोणाच्या बाजूचा?"

मग स्वतःसाठी एक दुय्यम भूमिका घ्या. राजा होऊ नका, सेनापती नको, निवेदक तर नकोच. मी देवडीवरचा पहारेकरी होते. त्याला फारसं काही माहीत नसतं, त्याला हुकूम पाळायचे असतात आणि प्रश्न विचारणं हेच त्याचं काम. आमचा एक संवाद जवळजवळ जसाच्या तसा :

"कोण आहे बाहेर?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे किती? मला अंधारात दिसत नाही."

"तिघं. आणि घोडा. पण घोडा लंगडतोय."

"लंगडा घोडा पुलावरून घ्यायचा नाही, असा हुकूम आहे."

ती थांबली. मला वाटलं, आता रडेल किंवा "मावशी, असं नाही!" म्हणेल. मग तिने बुरुजाकडे पाहिलं. "पुलावरून नाही ना? मग वरून घेतो."

पुढची वीस मिनिटं घोडा वर चढवण्यात गेली. सुतळी, टोपली, लोहाराचा सल्ला, टोपलीत बसायला घोड्याचा नकार, त्याची समजूत. माझ्या डोक्यात त्या लंगड्या घोड्याचं पुढे काहीच नव्हतं. मी फक्त दार अडवलं होतं.

प्रश्नांचंही तसंच. "हा कोणता रंग?", "घोडे किती?" असे परीक्षेचे प्रश्न आले की मूल विद्यार्थी होतं आणि खेळ विझतो. "त्याला हे माहीत आहे का?", "हे कोणाला कळता कामा नये?", "आता?" एवढे तीन प्रश्न मला वर्षानुवर्षं पुरले. यातला 'आता?' सगळ्यात भारी.

मूल एकटंच पुटपुटत खेळत असेल तर जवळ जाऊ नका. फोटोही काढू नका. तो खेळ चाललाय.

सातवी पायरी : लढाई होणारच

धडाधड, खणखण, सगळे मेले. याची काळजी करणारे पुष्कळ भेटतात. लढाई बंद करू नका, तिला नियम आणा, आणि नियम खऱ्या इतिहासात तयार आहेत. बाराव्या शतकातल्या स्पर्धांच्या लढायांत हेतू मारण्याचा नसून पकडण्याचा असे. हरलेल्याचा घोडा आणि चिलखत जिंकणाऱ्याचं, आणि सुटकेसाठी खंडणी. थोरल्या भावंडांमुळे वारशाची फारशी आशा नसलेला आपला विल्यम मार्शल असेच शिलेदार पकडून वर आला.

हे घरी आणलं की खेळ पालटतो. पडलेला मेलेला नाही, तो कैदी. त्याला सोडवायला काय द्याल? बटणं? शेंगा? एक गाणं? कैद्याला ठेवायचं कुठे, तो पळून जाणार नाही असा शब्द घ्यायचा का, आणि घोडा गेला तर आता तो घरी जाणार कसा? पाच मिनिटांच्या खणखणाटानंतर अर्धा तास वाटाघाटी चालतात.

पडलेला शिलेदार कासवासारखा उताणा पडून राहतो, असं मोठी मुलं सांगतात. तसं नव्हतं. पंधराव्या शतकातलं पूर्ण पोलादी चिलखत साधारण २० ते २५ किलोचं असे, पण ते अंगभर वाटलेलं. सरावलेला माणूस ते घालून उठायचा, धावायचा, घोड्यावर स्वतः चढायचा. तेव्हा पडलेल्याला उठायची संधी द्या.

भाल्यांची झुंज हवी असेल तर तिचं यंत्र करा. व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये सुमारे १५०० सालचे खेळण्यातले झुंजार स्वार आहेत, समोरासमोर ओढून एकमेकांवर सोडायचे. आपण दोन काडेपेट्यांना दोऱ्याची रिकामी रिळं चाकं म्हणून लावायची, वर एकेक स्वार चिकणमातीने बसवायचा आणि पुढे सुतळी बांधायची. मध्ये पट्टीचा आडवा कठडा, म्हणजे घोडे एकमेकांवर आदळत नाहीत. पंधराव्या शतकात खऱ्या मैदानातही असाच कठडा आला. भाल्याला गवताची काडी, टोकाला कापसाचं बोंड. कोण पडतं ते कोणाच्याच हातात नसतं, आणि म्हणून हरण्याची भांडणंही कमी.

तरीही एखाद्या दिवशी मुलाला सगळे मारायचेच असतात. मारू द्या. उद्या सकाळी ते जिवंत असतात.

किल्ल्याच्या किल्ल्या कोणाकडे

"मुलींना हे आवडतं का?" असं मला विचारतात, आणि संचांकडे पाहिलं तर प्रश्न समजतो. एक राजकन्या, बुरुजावर, सुटकेची वाट बघत. तिला खाली आणा आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा द्या. धनी बाहेर असताना किल्ला बायकाच सांभाळत. लिंकनच्या किल्ल्याची किल्लेदार निकोला द ला हे ही बाई साठी उलटलेली होती, तरी १२१७ च्या वेढ्यात तिने किल्ला हातचा जाऊ दिला नाही. तिच्या मदतीला फौज घेऊन आला तो सत्तरीचा विल्यम मार्शल. लढाईच्या उत्साहात तो शिरस्त्राण घालायलाच विसरला आणि हाताखालच्या पोराने त्याला आठवण केली, असं त्याच्या चरित्रात आहे. शिरस्त्राण विसरलेला आजोबा आणि किल्ला न सोडणारी आजी ही जोडी खेळात उतरवून बघा. मुलगे आणि मुली दोघंही आजीच व्हायला भांडतात.

आठवी पायरी : वही

व्हिव्हियन पेली या अमेरिकी बालवाडी शिक्षिका मुलांनी सांगितलेली गोष्ट त्यांच्याच शब्दांत उतरवून घेत आणि मग वर्गात ती करून दाखवायला लावत. घरी हे सहज जमतं. खेळ संपल्यावर वही काढा आणि मूल सांगेल ते लिहा. व्याकरण सुधारू नका, 'आणि मग' सतरा वेळा आलं तर सतरा वेळा लिहा. चार ओळी पुरतात. दुसऱ्या दिवशी त्या वाचून दाखवा आणि थांबा. मूल तुम्हाला दुरुस्त करेल : "नाही, घोडा तेव्हा जागा होता." खेळ सुरू झालेला असतो.

म्हणूनच शक्यतो किल्ला रोज आवरू नका. एक जुनी चादर किंवा मोठा पाट ठरवा, त्यावरचं सगळं 'चालू' आहे असं समजायचं आणि केर काढताना तो उचलून बाजूला ठेवायचा. उरलेली माणसं डब्यात. दोन-तीन आठवड्यांनी एक आत, एक बाहेर. बाहेर आलेला इतके दिवस कुठे होता, हे मूल सांगतंच.

दोन मुलं एकाच शिलेदारावर अडली तर दुसरा तसाच आणू नका, त्याला जुळा भाऊ ठरवा किंवा तोतया. तोतया जास्त चालतो. तलवारी हरवणार. आमच्याकडे सध्या एकच उरली आहे, आणि तिची मालकी कोणाची हा खटला गेले नऊ दिवस चालू आहे. पहारेकरी म्हणून मला साक्षीला बोलावलंय. मी काहीच पाहिलेलं नाही, असं सांगणार आहे.